चारशे मीटर चिखल आणि रोजचं पुणे : एका गाडीची निवड

आडवाटेलाही चालेल आणि रोज शहरातही वापरता येईल अशी गाडी कोणती, असं विचारणाऱ्यांचा प्रश्न बहुतेक वेळा नावापासून सुरू होतो. थार घेऊ की जिमनी? पाच दारांची थार रॉक्स घेऊ की स्कॉर्पिओ-एन? माझ्या मते तो रस्त्यापासून सुरू व्हायला हवा. कोणता रस्ता, किती लांबीचा, वर्षातून किती वेळा जायचा आणि तिथे गाडी नेमकी कशाने अडते, हे ठाऊक नसेल तर शोरूममधली कुठलीही तुलना हवेतली ठरते. पुढचं प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं, कारण या कुटुंबाने आधी टेप घेऊन रस्ता मोजला आणि मग गाड्या पाहिल्या. मी सुरुवातीपासून त्यांच्या सोबत होतो.

माणसं आणि त्यांचा रस्ता

कुटुंब कर्वेनगरचं. ताई दंतवैद्य, दवाखाना नारायण पेठेत. गाडी रोज त्याच चालवतात. दादांचं काम बहुतेक घरून चालतं. मुलगी आठवीत. दादांच्या आई सत्तरीच्या पुढच्या, दोन्ही गुडघे दुखरे. वेल्ह्याच्या पुढे कानद खोऱ्यात त्यांची दीड एकर जमीन आहे: आंबा-काजूची थोडी झाडं, भाताची दोन खाचरं आणि दोन खोल्यांचं घर. शनिवारी जायचं, रविवारी संध्याकाळी परतायचं. आईंचा जीव त्या घरात आहे, त्यामुळे त्यांना वगळून काही ठरवणं शक्यच नव्हतं.

आधीची गाडी पेट्रोल हॅचबॅक. दिवाळी ते मे ती शेतापर्यंत जायची, फक्त पोट घासायचं. एकदा इंजिन ऑइलचं चेंबर फुटलं, ते बदललं, पुढच्या वर्षी पुन्हा लागलं. पावसाळ्यात गाडी गावातल्या शाळेजवळ लावायची आणि पुढचे २.८ किलोमीटर चालायचं किंवा शेजाऱ्यांच्या ट्रॅक्टरवर बसायचं. आईंना दोन्ही जमेनासं झालं, तेव्हा नव्या गाडीचा विषय निघाला. सोसायटीत पार्किंगची जागा एकच, म्हणून शहराला एक आणि शेताला एक अशी सोय नव्हती. जुनी जिप्सी घेऊन शेतावरच ठेवावी, असं दादांच्या मनात काही दिवस होतं. पण आठवडाभर उभ्या गाडीची बॅटरी उतरते, वायरिंग उंदीर कुरतडतात आणि शेतावर पोचायला गावापर्यंत दुसरी गाडी लागतेच. तो विचार मागे पडला.

मी त्यांना पहिल्यांदा वर्षाचा हिशेब मांडायला लावला. दवाखान्याचं जाणं-येणं रोज १८ किलोमीटर, म्हणजे महिन्याला साधारण ४५०. शेताची फेरी १३० किलोमीटरची, महिन्यातून चार वेळा. ताईंचं माहेर कोल्हापूरला, दोन महिन्यांतून एकदा. सगळं मिळून वर्षाला साडेचौदा हजार किलोमीटरच्या आसपास. त्यात पावसाळ्यातला कच्चा रस्ता जाऊन-येऊन जेमतेम शंभर किलोमीटर. आणि त्या शंभरातही गाडीची खरी परीक्षा घेणारी चढण फक्त चारशे मीटरची.

म्हणजे एक टक्क्याहून कमी. हा आकडा पाहून दादा म्हणाले, मग चारही चाकांना जोर देणारी फोर बाय फोर गाडी कशाला? प्रश्न रास्त होता. पण तो चारशे मीटरचा तुकडा शेताच्या अलीकडे आहे, पलीकडे नाही. तो चढता आला नाही तर पासष्ट किलोमीटर गाडी हाकण्याला काही अर्थ उरत नाही. त्यामुळे टक्केवारीवरून चढण बाद करता येत नव्हती, आणि चढणीसाठी रोजच्या अठरा किलोमीटरचं नुकसानही करून घ्यायचं नव्हतं. अशा निवडीत मी एकच क्रम पाळतो. अवघड तुकड्यासाठी किमान काय पुरेल ते ठरवायचं, आणि ते ज्या-ज्या गाड्यांत आहे त्यांतून रोजच्या वापराला सर्वांत सोयीची उचलायची. सर्वांत ताकदीची गाडी घेऊन तिच्यासोबत रोज तडजोड करत जगणं हा उलटा क्रम झाला.

टेप, काठी आणि मोबाइल

जुलैत, पाऊस चालू असताना, आम्ही तो रस्ता पायी पाहिला. दादांनी टेप आणि काठी घेतली होती, चढ मोजायला मोबाइलवर ॲप होतं.

पहिला अडथळा ओढ्यावरची फरशी. त्या दिवशी पाणी घोट्याच्या थोडं वर होतं. गावकरी म्हणाले, जोराची सर आली की तासाभरात गुडघ्यावर जातं. पुढे सव्वा किलोमीटर दोन्हीकडे खाचरं आणि मधे ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या. चाकोरीची खोली सर्वांत वाईट जागी १८ सेंटिमीटर भरली. हॅचबॅकचं पोट इथेच टेकायचं. एका ठिकाणी बांध आणि काटेरी कुंपण यांमधली रुंदी २.१ मीटर. मग चढण: दोन आवळ वळणं, वरच्या वळणावर १७ अंशांपर्यंत चढ, आणि एक दगडी पायरी वीत-सव्वावीत उंचीची.

चढणीवरची माती पाहणं सर्वांत महत्त्वाचं ठरलं. दादांनी काठी खुपसली तर वरचा बोट-दोन बोटांचा थर लोण्यासारखा निघाला आणि खाली काठी टक्कन थांबली. खाली घट्ट मुरूम होता. असा चिखल आणि भाताच्या खाचरातला चिखल यांत मोठा फरक आहे. खाचरात तळच सापडत नाही, म्हणून गाडीला वर तरंगवणारे रुंद टायर हवेत. इथे वरचा राड फोडून मुरमाला भिडणारा अरुंद टायर जास्त कामाचा. रुंद टायर म्हणजे जास्त ऑफ-रोड, असं सरसकट मानलं जातं. या चढणीवर ते लागू नव्हतं.

या मोजणीतून गरजांची यादी छोटी झाली. चाकोरीसाठी २०० मिलिमीटरच्या वरचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमीन आणि गाडीचं पोट यांतलं अंतर. चढासाठी चारही चाकांना जोर, कारण चढावर वजन मागे सरकतं, पुढची चाकं हलकी होतात आणि फक्त पुढच्या चाकांवर चालणारी गाडी नेमकी तिथेच पकड सोडते. दगडी पायरीसाठी आणि विशेषतः भरल्या गाडीने उतरताना लो रेंज, म्हणजे चाकं हळू पण जास्त जोराने फिरवणारी गिअरची जादा पातळी.

पाण्याचा आकडा मात्र मी यादीतून खोडायला लावला. थार आणि रॉक्सला कंपनी ६५० मिलिमीटर खोल पाण्यातून जाण्याची क्षमता सांगते, फोर्सच्या गुरखाला ७००, जिमनीला फक्त ३००. कागदावर हा फरक प्रचंड दिसतो. पण हे आकडे संथ पाण्याचे आहेत. वाहतं पाणी गाडीच्या बाजूवर रेटा देतं, गाडी थोडी उचलली जाते, चाकांवरचं वजन कमी होतं आणि कठडा नसलेल्या फरशीवरून ती आडवी सरकते. दरवर्षी सह्याद्रीच्या पट्ट्यात अशा फरश्यांवरून गाड्या वाहून जातात आणि माणसं जातात. शेताकडे जाणाऱ्या वाटेवर वाहतं पाणी घोट्याच्या फार वर असेल तर कुठल्याच गाडीने जायचं नाही, मग ६५० चा उपयोग कुठे होणार? दादांनी फरशीच्या खांबावर रंगाने एक रेघ मारली. रेघ दिसेनाशी झाली की गाडी अलीकडे लावायची, हे घरात सगळ्यांनी मान्य केलं.

तीन गाड्या त्या चढणीवर

पुढच्या दोन शनिवारी ओळखीच्यांच्या तीन गाड्या तिथे नेता आल्या. शोरूमची टेस्ट ड्राइव्ह अशा निवडीत फारशी उपयोगी नसते. ती डांबरावरच होते. कुणाची तरी गाडी मागून, मालकालाच चालवायला सांगून, स्वतःच्या रस्त्यावर पाहावी.

पहिली होती एका मित्राची मॅन्युअल ऑल-व्हील-ड्राइव्ह एसयूव्ही, म्हणजे चारही चाकांना जोर असलेली पण लो रेंज नसलेली. ग्रँड व्हिटारा आणि हायरायडरच्या ऑल-व्हील-ड्राइव्ह आवृत्त्या याच जातीच्या, आणि माझं मन खरं तर याच जातीकडे झुकलं होतं. पाच जणांची जागा, चेसिस आणि बॉडी एकच असलेल्या मोनोकॉक बांधणीमुळे रस्त्यावर शांत, डिकी बरी. चाकोऱ्या तिने सहज काढल्या. पहिलं वळण गेलं. दगडी पायरीपाशी मात्र पहिला गिअरही वेगवान पडत होता, त्यामुळे हाफ क्लचवर गाडी उचलावी लागली. दोन प्रयत्नांत ती चढली, पण क्लचचा वास सगळ्यांना आला. दोष त्या गाडीचा नाही. तिचं काम बर्फाळ किंवा निसरड्या रस्त्यावर पकड देणं हे आहे, दगड चढणं नव्हे. उतरताना ब्रेकवरच अवलंबून राहावं लागलं आणि वरच्या वळणावर मागचा भाग हलका सरकला. आई आणि मुलगी आत बसलेल्या असताना ते नको, असं ताईंनी तिथेच सांगितलं. कोरड्या दिवसांतच शेतावर जाणाऱ्याला मी आजही हीच जात सुचवेन.

दुसरी तीन दारांची थार, डिझेल, फोर बाय फोर, डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींसाठीच्या ऑल-टेरेन टायरवाली. तिला कष्टच पडले नाहीत. फोर-एलमध्ये, म्हणजे लो रेंजमध्ये, टाकली आणि पायरी चढून वर उभी राहिली. इथे एक खुलासा करायला हवा, कारण पुष्कळ जण यात फसतात: थार म्हणजे फोर बाय फोरच असं नाही. जानेवारी २०२३ पासून फक्त मागच्या चाकांवर चालणारी थारही मिळते, आणि पाच दारांच्या रॉक्समध्ये फोर बाय फोर फक्त डिझेलला आहे. बाहेरून फरक चटकन कळत नाही.

तिसरी जिमनी, कंपनीच्याच टायरवर. माझी शंका इथे होती. १.५ लिटरचं साधं पेट्रोल इंजिन, सुमारे १०५ पीएसची ताकद, १३४ न्यूटन-मीटर टॉर्क. डिझेल थारपुढे हे आकडे किरकोळ. पण वजन सुमारे १२०० किलो आणि टायर १९५ मिलिमीटर रुंदीचे. चाकं थोडी फिरली, राड उडाला, मग त्यांना मुरूम सापडला आणि गाडी दमादमाने वर गेली. पायरीवर एक पुढचं आणि एक मागचं चाक जवळजवळ हवेत आलं, तेव्हा ती क्षणभर थांबली.

त्या थांबण्यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. डिफरन्शियल म्हणजे एका ॲक्सलच्या दोन चाकांत जोर वाटणारा गिअरसंच. साधा डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देतो. एका चाकाची पकड सुटली की ते थोड्याशा जोरातच मोकळं फिरतं, आणि जमिनीवर असलेल्या चाकालाही तेवढाच क्षीण जोर मिळतो. म्हणून चारही चाकांना जोर असूनही गाडी तिरकी अडकते. याला खरा उपाय दोन्ही चाकं एकत्र जखडणाऱ्या लॉकरचा: गुरखात तो पुढे-मागे दोन्हीकडे आहे, रॉक्सच्या फोर बाय फोरमध्ये मागे. जिमनीत लॉकर नाही. तिथे मोकळ्या फिरणाऱ्या चाकाला संगणक ब्रेक लावतो, म्हणजे जोर दुसऱ्या चाकाकडे वळतो. त्याला एक-दोन सेकंद लागतात. या वेळात चालक घाबरून ॲक्सिलरेटर सोडतो आणि गाडी मागे घरंगळते. पाय तसाच धरून ठेवला तर ती निघते. त्या दिवशी निघाली.

उतरताना फोर-एलमध्ये तिघींतली सर्वांत निवांत तीच होती. वजन कमी, त्यामुळे सरकण्याचा ओढाही कमी.

गाडी शहरात आणून पाहिली तेव्हा

इथून पुढे चढणीचा प्रश्न मिटला होता. थार, रॉक्स, स्कॉर्पिओ-एन फोर बाय फोर, गुरखा, जिमनी, कुणीही तिथे पोचलं असतं. आता रोजचं पुणे.

सोसायटीच्या बेसमेंटच्या तोंडाशी उंचीची पाटी आहे, २.१ मीटर. गुरखा दोन मीटरहून उंच. उतारावरून आत वळताना तिचं छत लागेल की काय, ही धास्ती रोजची झाली असती. शिवाय ती फक्त मॅन्युअल. चाकाखाली काहीही येवो, तिच्यासारखी निर्धास्त गाडी नाही, पण ती नारायण पेठेत रोज नेण्याची नव्हे. तीन दारांच्या थारमध्ये मागे जायला पुढचं सीट दुमडावं लागतं. आई पुढे बसल्या तर मुलगी आणि दादा रोज कसरत करणार. तीही गेली.

स्कॉर्पिओ-एन ४.६६ मीटर लांब आणि १.९ मीटरहून रुंद. ताईंनी ती एकदा चालवली, सीटचं आणि चालीचं कौतुक केलं आणि दवाखान्याच्या गल्लीचं नाव काढून विषय संपवला.

उरल्या दोन, रॉक्स आणि जिमनी. आणि इथे निवड खरोखर अवघड होती. रॉक्सचा व्हीलबेस २८५० मिलिमीटर, जिमनीचा २५९०. मागे बसणाऱ्याला रॉक्समध्ये मांडी घालावीशी वाटेल इतकी जागा. डिकीचं तर विचारूच नका. जिमनीत चार जण बसले की मागे २०८ लिटर उरतात, म्हणजे दोन मध्यम बॅगा. भारवाहनाचा हिशेबही कडक: जिमनीचं कमाल एकूण वजन सुमारे १५४५ किलो, त्यातून गाडीचं वजन गेलं की माणसं आणि सामान मिळून साडेतीनशे किलोच्या आत राहायचं. चौघांचे अडीचशे धरले तर युरियाच्या ४५ किलोच्या दोन गोण्या टाकल्या की संपलं.

सुरक्षेचा मुद्दा मी मुद्दाम मोठ्याने मांडला, कारण आडवाटेच्या चर्चेत तो हरवतो. रॉक्सला भारत एनकॅपच्या धडक चाचणीत २०२४ मध्ये पाच तारे मिळाले. जिमनीच्या तीन दारांच्या युरोपीय आवृत्तीला युरो एनकॅपने २०१८ मध्ये तीन तारे दिले होते. ती गाडी आणि ती चाचणी दोन्ही वेगळ्या, तरी पाच ताऱ्यांच्या शेजारी ठेवल्यावर ते दिसतंच. जिमनीत सहा एअरबॅग सर्व प्रकारांत आहेत, ही जमेची बाजू. पण वजनदार गाड्या आणि ट्रक यांच्यामधून १००-११०च्या वेगाने लांबचा प्रवास करणाऱ्यासाठी मी रॉक्सच्या बाजूने उभा राहीन, आणि तसं मी त्यांना सांगितलं.

मग रॉक्स का नाही? तीन कारणं एकात एक गुंतलेली होती.

सोसायटीतली त्यांची जागा दोन खांबांमधली, २.४ मीटर रुंद. रॉक्स १८७० मिलिमीटर रुंद, म्हणजे दोन्हीकडे मिळून अर्धा मीटर उरतो. त्या फटीतून आईंना उतरवणं अशक्य. त्यांना दरवेळी गेटवर उतरवून मग गाडी आत न्यावी लागली असती. १६४५ मिलिमीटरच्या जिमनीत पाऊण मीटर उरतो, आणि एका बाजूला सरकवून लावली तर आईंच्या बाजूचं दार पुरेसं उघडतं. आम्ही आईंना दोन्ही गाड्यांत चार-चार वेळा बसवलं-उतरवलं. रॉक्समध्ये पायरी आणि हँडल धरून चढता येतं, पण गुडघ्यावर जोर येतो. जिमनीत त्या पाठमोऱ्या बसल्या आणि पाय आत घेतले. "हीत मला कुणाचा हात लागत नाही," एवढंच म्हणाल्या. घरात ज्येष्ठ माणूस असेल तर त्याला शोरूममध्ये घेऊन जा, सीटची उंची ब्रोशरमध्ये कळत नाही.

दुसरं कारण इंजिन. फोर बाय फोर रॉक्स म्हणजे डिझेल, आणि ताईंचं रोजचं एका वेळचं अंतर नऊ किलोमीटर, तेही पाऊण तासाचं. बीएस-६ डिझेलमध्ये धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो. साचलेली काजळी जाळून टाकायला इंजिन काही वेळ सलग आणि गरम चालावं लागतं, म्हणजे हायवे हवा. दर शनिवारी वेल्ह्याला गेलं तर ते होतं. पण परीक्षा, लग्नं, आजारपण यांत तीन-चार आठवडे शेताची फेरी चुकली की फिल्टर भरत जातो आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. हे संकट नाही, पण काळजी आहे. पेट्रोलला ती नाही.

तिसरं, पैसे. त्यांच्या हातातल्या दोन कोटेशनमध्ये पाच लाखांहून जास्त अंतर होतं. महाराष्ट्रात नोंदणीचा करही डिझेलला दोन टक्के जादा: दहा ते वीस लाखांच्या गाडीला पेट्रोल असेल तर १२ टक्के, डिझेल असेल तर १४. एप्रिल २०२५ मध्ये त्यांनी गाडी घेतली. त्यानंतर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले आणि उपकर जाऊन दोन्ही गाड्या ४० टक्क्यांवर आल्या. चार मीटरच्या आत असूनही जिमनीला लहान गाड्यांच्या १८ टक्क्यांचा लाभ नाही, कारण पेट्रोल इंजिन १२०० सीसीच्या वर आहे.

कोल्हापूरचा प्रश्न ताईंनीच सोडवला. कोल्हापूरला रेल्वेने जायचं. आईंनाही गाडीत पाच तास बसण्यापेक्षा रेल्वे मानवते. हे ठरलं नसतं, किंवा कोल्हापूर दर महिन्याचं असतं, तर मी रॉक्ससाठी हट्ट धरला असता. एका प्रवासाचं साधन बदललं आणि गाडीचं उत्तर बदललं. निवड अशी परस्परांवर टेकलेली असते, म्हणून दुसऱ्याच्या घरचं उत्तर उचलून आणता येत नाही.

ऑटोमॅटिक की मॅन्युअल

आडवाटेचे जुने लोक मॅन्युअलच सांगतात. दादांचाही तोच कल होता. जिमनीचं ऑटोमॅटिक चार गिअरचं, जुन्या धाटणीचं. हायवेला ओव्हरटेक करताना इंजिन ओरडतं, त्यामानाने गाडी पुढे सरकत नाही. पण ते टॉर्क कन्व्हर्टरचं, म्हणजे क्लचऐवजी तेलातून जोर पोचवणारं आहे. चढणीवर जळायला क्लच नाही, पायरीवर चाक टेकवून हळूहळू जोर वाढवता येतो, मधेच बंद पडत नाही. लक्ष्मी रस्त्याच्या गर्दीत डाव्या पायाला विश्रांती. गाडी रोज ज्या चालवतात त्यांनी ठरवावं, असं मी म्हणालो. ताईंनी ऑटोमॅटिक घेतली.

गाडी आल्यावर दोघांना मी एकच गोष्ट पुन्हापुन्हा सांगितली: जिमनी, थार, रॉक्स या सगळ्यांचा फोर बाय फोर पार्ट-टाइम आहे. पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमध्ये डिफरन्शियल नाही. कोरड्या डांबरावर फोर-एच, म्हणजे लो रेंजविना फोर बाय फोर, लावून वळलं की पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळं अंतर कापायचं असतं, ते जमत नाही आणि सगळा ताण गिअर-शाफ्टवर येतो. डांबर संपलं की लावायचा, डांबर लागलं की काढायचा. आणि चिखल दिसल्यावर लावायचा, अडकल्यावर नव्हे.

पहिला पावसाळा

२०२५ चा पाऊस मे संपायच्या आतच आला, त्यामुळे सरावाला ठेवलेला महिना बुडाला. पहिल्या खेपेला मी शेजारी बसलो, ताई चालवत होत्या. चाकोरीत उतरायचं नाही. एक चाक मधल्या उंचवट्यावर आणि एक कडेच्या गवतावर ठेवून जायचं. टायरची हवा चढणीआधी सात-आठ पीएसआयने उतरवायची आणि डांबराला लागताना छोट्या कंप्रेसरने भरायची. चढताना मधे थांबायचं नाही, आणि थांबावंच लागलं तर सरळ रेषेत मागे यायचं, वळवायचं नाही. तिसऱ्या खेपेपासून त्यांना माझी गरज उरली नाही.

पावसाळाभर चढणीने गाडी एकदाही अडवली नाही. अडकली ती सपाटीला: समोरून ट्रॅक्टर आला, वाट देताना डावी चाकं बांधावरून खाचरात गेली. तिथे तळ नव्हताच. त्याच ट्रॅक्टरला टोचन लावून पाच मिनिटांत बाहेर निघाली. त्यासाठी नायलॉनचा चांगला पट्टा आणि दोन शॅकल गाडीत होते. साखळी मी ठेवू दिली नाही, तुटली तर ती काच फोडून आत येते. पट्टा गाडीच्या टोइंग हुकलाच लावायचा, बंपरला किंवा सस्पेन्शनला नाही. फरशीवरची रेघ दोन वेळा बुडाली आणि दोन्ही वेळा गाडी अलीकडे राहिली. एकदा आईंना गावात नातेवाइकांकडे मुक्काम करावा लागला.

तक्रारीही लिहून ठेवतो. शहरात ती लिटरला अकराच्या आसपास देते; कंपनीचा सोळाहूनचा आकडा त्यांनी कधी पाहिला नाही. दोन्ही चाकं एकाच दांड्यावर असलेल्या सरळ ॲक्सलमुळे खड्ड्यांतून मागे बसणारे डोलतात, मुलीला सुरुवातीला मळमळायचं. आंब्याचे क्रेट आणायचे असतील तर मागचं अर्धं सीट पाडावं लागतं, म्हणजे तीनच माणसं. हे सगळं आधी माहीत होतं, तरी रोज अनुभवणं वेगळं.

दादांना आता बदल करायचे आहेत आणि त्यात मी त्यांना अडवतो आहे. पुढे लोखंडी गार्ड नको: केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना अशा क्रॅश गार्डवर कारवाई करायला सांगितलं आहे, आणि गार्डमुळे धडकेचा जोर वेगळ्या मार्गाने जाऊन एअरबॅगचं गणित बिघडू शकतं. गाडी उचलून मोठे टायरही नकोत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ बद्दल स्पष्ट केलं की उत्पादकाच्या मूळ तपशिलाच्या विरुद्ध जाणारा बदल चालणार नाही. अपघातानंतर विमा कंपनी पहिल्यांदा तिकडेच बोट दाखवेल. आणि या चढणीला रुंद टायर नकोच आहेत, हे काठीने आधीच सांगितलं होतं. सध्याचे टायर झिजले की त्याच मापाचे ऑल-टेरेन बसवावेत, इतपत माझी संमती आहे. खोल खाचांचे, चिखलासाठीचे मड-टेरेन नको: ते ओल्या डांबरावर ब्रेक लागायला जास्त अंतर घेतात, आणि ताईंची गाडी वर्षाचे बहुतेक सगळे किलोमीटर डांबरावरच असते.

देखभालीत एकच भर घातली. शेतावरून आल्यावर गाडी वरून नाही धुतली तरी चालेल, पण खालून पाण्याच्या जोराने धुवायची. चाकांच्या आतल्या बाजूला आणि पुढच्या ॲक्सलच्या टोकांना लाल माती वाळून बसली की सील खराब होतात. दर सर्व्हिसिंगला दोन्ही डिफरन्शियलचं तेल काढून पाहायला सांगायचं. ते दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय.

गाडीवरून वाचलेल्या पैशांचं काय करायचं, यावर घरात बोलणं चालू आहे. वरच्या वळणावर चाळीस-पन्नास मीटर दगडी सोलिंग आणि बाजूला गटार केलं तर चढण निम्मी सोपी होईल, आणि त्याचा उपयोग वरच्या आणखी चार शेतकऱ्यांना होईल. वाट सगळ्यांच्या वहिवाटीची, त्यामुळे संमती लागेल. पाणंद रस्त्यांच्या सरकारी योजनेतून काही होतं का, हे विचारायला दादा पुढच्या ग्रामसभेला जाणार आहेत.